गोंदारेलचं नाव घालवलं कुणी

...नाही, पण नाव घालवलं म्हणून सगळे मलाच का धरतात? तुम्हाला सांगतो, आमचं गोंदारेल पार डोंगरात, मतदार बावीस, आणि मी अबीलियो, गावाचा अध्यक्ष, म्हणजे शिव्या खायला निवडून दिलेला माणूस. वरून हुकूम आला, गोंदारेल आणि खालचं विलार एक करायचं, आणि नाव ठेवायचं कुणाचं, तर जे गाव आपल्या नावाचा उगम एका पानात लिहून देईल त्याचं. मी म्हटलं, एक पान ना, हात्तिच्या! इथंच मेलो.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या ओट्यावर सभा. एवढंसं गाव, सगळ्यांनी हात वर करूनच ठरवायचं. बेल्मीरोकाका म्हणाले, पूर्वी इथं राज्य केलेल्या मूरांची राजकन्या आमच्या झऱ्यावर रडत बसायची, तिचंच हे नाव. का? तर झरा काकांच्या शेतात! देओलिंदामावशी म्हणाली, राजकन्या कसली डोंबलाची, गोंदार नावाचा सरदार होता, आमचा मूळपुरुष. किंतेला मास्तर म्हणाले, नाव रोमनांच्याही आधीचं, अकरा वर्षं लिहितोय, पहिला खंड होत आलाय. मी म्हटलं, मास्तर, एक पान द्या. तर म्हणतात, "अबीलियो, हे काय कोबीचं सूप आहे, एका पानात मावायला?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार?

हात मोजले. सात राजकन्येला, सात सरदाराला, सात मास्तरांना... उरलो मी. काका माझे सासरे, मावशी सख्खी, मास्तर माझ्या पोरीचे धर्मपिता. मी दोन्ही हात खिशात घातले. तुम्हीच सांगा, मी काय करणार?

मग अक्कल पाजळली, तिन्ही कथा एकाच पानावर, मध्ये 'किंवा' घालून पाठवल्या. उत्तर आलं, उगम अनिश्चित, सबब नाव विलार. विलारवाल्यांनी काय लिहिलं होतं? 'विलार म्हणजे वस्ती.' संपलं!

गावाची पाटी उतरवली तेव्हा मावशी तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "आता माझ्या थडग्यावर काय लिहाल रे, विलारची म्हणून?"

पुन्हा सभा. ठराव काय, तर चौकात निळ्या फरशांचा फलक लावायचा: 'गोंदारेल हे नाव अबीलियोच्या करंटेपणामुळे गेलं.' काका, मावशी, मास्तर, सगळे मिळून एकवीस हात वर, कुणी एक शब्द बदलायला सांगितला नाही. आणि त्या फरशा बसवल्या कुणी? मीच. गावात दुसरा गवंडी आहे कुठं?