मोजणी चालू असताना

...अरे, मोजायचं तर मोज, पण वाकून तरी बघ की! पोर खाली पडलंय, एक पाय अंगाखाली मुडपलाय, सगळा हॉल ओरडतोय... आणि तो मोजतोय.

तुम्हाला सांगतो, मी कोन गावचा. आमच्याकडे कबड्डीत एखादा पडला तर अर्धा गाव मैदानात. एक तोंडावर पाणी मारणार, एक नाकाला कांदा लावणार, एक विचारणार कोणाचा रे तू, आणि चौघं उचलून झाडाखाली नेणार, मग तो नको नको म्हणत असला तरी. ही झाली माणुसकी. इथे करंजाड्याच्या हॉलमध्ये दोनशे माणसं, कोणाचा हात पुढे होत नाही. पांढऱ्या शर्टातला तो पंच तिच्यासमोर बोटं धरून उभा. "वन... टू..."

पडली कोण? माझी नात, भाविका. सतरा वर्षांची. घरात झुरळ दिसलं की खाटेवर चढते, आणि ही बॉक्सिंग करते. मी काही जाणार नव्हतो. पण तिला शिकवणाऱ्या सत्यजीत सरांचा मदतनीस येणार नव्हता, म्हणून ते घरी आले. सर म्हणाले, "नाना, तुम्ही आपल्या कोपऱ्यात थांबा. हा टॉवेल धरा. पोरीला जास्त लागतंय असं वाटलं तर आत टाकायचा, लढत थांबते." एवढंच काम. निघताना माझी बायको सोनाबाई म्हणाली, "तुमी जाव नका. तुमाला बघवनार नाय." मी म्हटलं, चाळीस वर्षं मिठागरात पाय फोडून घेतलेत मी, मला काय बघवणार नाही?

तर पहिल्या फेरीत पडली. तीनला उठली. बरं, उठली ना? मग विचार तिला, बाई, कशी आहेस. नाही. तो मोजतोय. चारला मध्येच थांबला. का? तर समोरची उरणची पोरगी लांबच्या कोपऱ्यात जात नाही म्हणून. तिच्याकडे बोट केलं, "जा तिकडे." ती नाक फुगवत, पाय ओढत गेली, मग ह्याचं "फाइव्ह". त्या चार आणि पाचच्या मधे माझं काय झालं असेल, ते मला विचारू नका.

मी सरांना म्हटलं, "उठली तरी मोजतो काय हा? आंधळा आहे?"

"नाना, आठपर्यंत मोजावंच लागतं. तेवढ्यात तो तिचे डोळे बघतो."

डोळे बघायला आठ लागतात? तिची आई दारातून एकदा बघते आणि सांगते, ताप आहे.

आठ झाले, पुन्हा सोडलं. दुसऱ्या फेरीत उरणवालीने असा एक ठेवून दिला की भाविका पडली नाही, नुसती उभी राहिली. हात खाली. तुम्हाला सांगतो, पडलेलं माणूस बघवतं, पण तसं उभं राहिलेलं बघवत नाही. मला वाटलं ही आता अशीच उभी राहणार, घरी नेली तरी अशीच, सोनाबाई हाक मारेल आणि ही अशीच बघेल... आणि तो मोजतोय! "आरं मोजतोस काय, धर तिला!" म्हणून ओरडलो आणि दिला टॉवेल फेकून. बरोब्बर त्याच्या बुटावर पडला.

त्याने वाकून बघितलंसुद्धा नाही. "फाइव्ह" म्हणत पायाने बाहेर सरकवला.

सरांनी माझा दंड धरला. "नाना, मोजणी चालू असताना टाकलेला टॉवेल ग्राह्य धरत नाहीत."

"मग कधी टाकायचा? तेराव्याला?"

"सिक्स... सेव्हन..." तो तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघतोय. "एट." तिने हात वर केले. मला वाटलं, झालं, पुन्हा सोडतो. तर त्याने दोन्ही हात हवेत हलवले, आणि तिला कवेत धरली. लढत संपली. उरणवाली जिंकली.

मी आनंदाने गप्प बसायचं ना? देवाला हात जोडून घरी जायचं. पण डॉक्टर पोरीला तपासून "ठीक आहे, आठवडाभर आराम" म्हणाला, ती स्टुलावर बसून मुसमुसायला लागली, "मी उभी होते ना नाना, मी हात वर केले होते ना," आणि माझं टाळकं फिरलं. गेलो पंचाकडे.

"का थांबवलंस? आठला उभी होती. तुझं मोजून झालं होतं."

"आजोबा, टॉवेल तुम्हीच टाकला होता ना?"

"तो कुठे धरतात? मोजणी चालू होती."

तो हसला नाही. कपाळ पुसत म्हणाला, "सहाला ती माझ्याकडे बघत होती. सातला माझ्या आरपार बघायला लागली. मला दोन मुली आहेत, आजोबा. मी घाबरलो."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? मी तरी काय वेगळं केलं होतं? हे बाहेर बोलू नका. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती त्याला दिली. अर्धी त्याने संपवली, अर्धी मी.

मागून भाविका म्हणते, "नाना, पाणी मला द्यायचं असतं."

असेल. तोही नियमच असेल.