पाय माहा, पन विचारते कोन?

...नाई, तुमीच सांगा, मानूस बिमार पडला, छाती भरली, दवाखान्यात टाकला, तं पाहुन्यानं काय करावं? हाल विचारावा, दोन केळं ठेवावं, एस्टी पकडावी! पन आमच्या नाचनगावात पेशंटचे पाय चेपल्याबिगर भेट पुरी होतच नाई! पाय माहा, पन विचारते कोन?

तुमाले सांगतो, फ्लू झालता मले. साधा नाई, फुफ्फुसात उतरलेला! बोटाले ऑक्सिजन मोजाचा चिमटा लावला, आकडा आला सत्त्याऐंशी. डॉक्टर म्हने, "बबनराव, चौऱ्यान्नवच्या वर पाहिजे." तोंडावर मास्क बसला, अन् पोटात रोज एक सुई. बिमारी छातीत, तं सुई पोटात काऊन? रीता सिस्टर म्हने, "काका, या तापात रक्त घट्ट होते, पडून राह्यलं का पायात गाठ धरते. ते सुटून छातीत गेली तं जीवावर येते. पंजे हलवत राहा."

झालं! आमच्या बायकोनं, आनंदाबाईनं, गावात फोन लावला, "यायच्या पायाले जपा लागते म्हन्ते." दुसऱ्या दिवशी अर्धं गाव हजर! पुढं कोन? प्रभाकरराव! अहो, त्याचे हात म्हन्जे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून उपटून लोखंड झालेले! धरली माही पोटरी, अन् लागला पिळाले. मी मास्कातून "नोका, नोका" करून राह्यलो, तं हा म्हन्ते, "पाहा वहिनी, किती बरं वाटून राह्यलं त्याले!" मंग रूपराव बसले. मंग रूपरावचा साळा, त्याले तं मी ओळखतही नाई! पाय माहा, पन विचारते कोन?

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी टम्म सुजली. रीता सिस्टरनं पाह्यलं अन् तिचा चेहराच उतरला. "कोनी हात लावू नोका! काका, हलू नोका!" स्ट्रेचर आलं, धावपळ झाली, चालले मले सोनोग्राफीले घेऊन. तवा मी खरंच भेलो हो. वाटलं, गेलो आता. भरती झाल्यापासून आनंदाबाईसंग एक गोड शब्द बोललो नाई, नुसता खेकसलो, अन् ते बिचारी स्ट्रेचरमागं अनवानी पळून राह्यली...

डॉक्टरनं पायाले थंडगार जेली लावली, इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. मी डोळे मिटलेले. म्हने, "बबनराव, गाठ नाई! रक्त मस्त वाहून राह्यलं!" मंग सूज कायची? त्यानं पाय उजेडात धरला. निळे निळे पाच बोटं उमटलेले! "याले कोनी मारलं काय?"

मी मास्क वर केला अन् म्हनलं, "मारलं नाई साहेब, भेटाले आलते!"

मंग सिस्टरनं खाटेपाशी कोनाले फिरकूच देल्लं नाई. मी पडल्या पडल्या पंजे हलवो, सुई घेवो, पालथा झोपो. आठव्या दिवशी मास्क निघाला. डॉक्टर म्हने, "चिमटा लावून सहा मिनिटं चाला, आकडा टिकला तं घरी." निघालो व्हरांड्यात! चौऱ्यान्नव... पंच्यान्नव... बाकीचे पेशंट खाटेवर उठून बसले, "चला काका, चला!" पाचव्या मिनिटाले दम लागला, आनंदाबाईनं डोळ्याले पदर लावला, सहावं मिनिट भरलं, म्या चिमट्याकडं पाह्यलं... शहान्नव! अरे, टाळ्या वाजल्या हो! रीता सिस्टरनंही वाजवल्या! सुईनं अन् ऑक्सिजननं वाचवलं, अन् मी माह्या पायानं चालत घरी आलो!

पन गावात काय बोलून राह्यले? "प्रभाकररावच्या हाताचा गुन! मशीनीत रक्त वाहताना दिसलं, ते कोनामुळं?" आता काय कप्पाळ सांगावं! पाय माहा, पन विचारते कोन?

काल शेजारच्या नानाजीले ताप भरला, तं पयला फोन डॉक्टरले नाई, प्रभाकररावले! मी धावत गेलो, म्हनलं थांबवतो, समजावून सांगतो, गाडीत टाकून दवाखान्यात नेतो. दारात पोचलो नाई तं नानाजी खाटेवरून म्हने, "बरं झालं तू आला बबन्या! हा पाय प्रभाकरनं घेतला, तो तू घे!"