मुलांपासून लपवलेला निरोप

सन्माननीय अध्यक्ष महिपतराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मेहरुनताई, लोणावळ्यातून आणि मावळच्या गावागावांतून आलेली कुटुंबं, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलांनो, सर्वांना नमस्कार.

मी बैठकीत ताईंच्या हाताखाली काम करते, भाषणाची सवय नाही; अडखळले तर माइकला दोष देऊ नका.

घरातलं माणूस गमावलेल्या मुलांसाठी मेहरुनताईंनी मळवलीत, आपल्याच पडवीत, शनिवारची बैठक सुरू केली, तेव्हा लोक म्हणाले, ‘मुलांना काय कळतंय?’ खरंच कळत नाही का हो? मी कॉन्व्हेंट शाळेत असताना आई गेली. सिस्टरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं, हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि म्हणाल्या, ‘घरी पाहुणे आलेत, जा.’ फार मायाळू होत्या त्या. त्यांच्या पांढऱ्या झग्याचा साबणाचा वास अजून आठवतो. पण घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता; आजही कुणाच्या दारात खूप चपला दिसल्या, की माझा पाय उंबऱ्याबाहेरच थांबतो.

पुढचं प्रेरणाला विचारूनच सांगते. तिचे बाबा बंगल्याची राखण करायचे. ते वारले, आणि घरच्यांनी तिला सांगितलं, ‘शेठबरोबर मुंबईला गेलेत.’ ती रोज संध्याकाळी गेटची कडी काढून ठेवायची. तिच्या आजी, सरुबाई, ताईंना म्हणाल्या, ‘ल्हान हाय, इसरंल.’

‘इसरत न्हाई मावशी, वाट बघती,’ ताई म्हणाल्या. मग त्यांनी प्रेरणाला जवळ घेतलं. ‘बाबा वारले, बाळा. आता परत येणार न्हाईत. मी हितंच बसलीय. काय पण इचार.’

 प्रेरणा म्हणाली, ‘मग कडी लावू?’

आणि आज आपण काय केलं? मागचा फलक बघा. त्यावर ‘सत्कार’ लिहिलंय. निरोपाचं नाव काढायचं नाही, मुलं रडतील, जिलेबी वाटताना ताई हळूच गाडीत बसतील, असं सकाळी ठरलं. महिपतराव, तुमचा हेतू चांगलाच आहे. सिस्टरांचाही होता. पण पुढच्या शनिवारी ही मुलं पडवीत येऊन वाट बघत बसतील, तेव्हा कोण काय सांगणार? मला त्या शनिवारची भीती वाटते.

ताई, सांगू का?

‘सांगा की बाई, येवढं काय घाबरताय!’ ऐकलंत? अजून मलाच दटावतात.

मुलांनो, मेहरुन मावशी आजारी आहेत. उपचारांसाठी आज त्या मिरजेला लेकीकडे चालल्या आहेत. त्या बऱ्या होतील का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणामुळेही त्या आजारी पडलेल्या नाहीत. शनिवारी पडवी उघडी असेल आणि तिथे मी असेन. त्यांच्यासारखं मला जमणार नाही, याची धास्ती आहेच. तरी मी असेन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. ठरलेलं मोडलं, तेवढं मोठ्यांनी पोटात घालावं. मुलांनी मात्र आम्हा सगळ्यांनाच माफ करावं.

जिलेबी जरा थांबू दे. प्रेरणा उठून उभी राहिलीय.

विचार, बाळा. मी इथेच आहे.