बिनस्लॅबचं घर

ऐका हो ऐका! समस्त लातूरकरांनी कान देऊन ऐकावं, मामला अत्यंत गंभीर हाय, कुणी हसायचं न्हाई. ज्या गावात जिल्हा झाल्यापासून कोंबड्याच्या खुराड्यालासुद्धा स्लॅब पाहिजे होता, त्या गावात मी बिनस्लॅबचं घर बांधलं. तुम्ही बसलात ते हेच.

आम्ही मूळचे हिमायतनगरकडचे. बाप गवंड्याच्या हाताखाली जन्मभर गारा कालवून गेला, मी शिकलो, बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागलो. लातूर जिल्हा झाला तशी बदली झाली, माय आणि धाकटी बहीण सुमन, दोघींना घेऊन आलो. काय सांगू तुम्हाला, दिवसभर साहेब लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी भाड्याच्या पत्र्याखाली भाजायचं! म्हटलं आता आपलं घर. माय म्हणाली, स्लॅबचंच पाहिजे, सुमनला पाहायला येणारे आधी वर बघतेत, मग पोरीकडं. खोटं नव्हतं ते. तवा सोयरीक जुळवायची तर पहिला सवाल तोच, घर स्लॅबचं का पत्र्याचं?

पण दुष्काळ पडलेला. स्लॅब टाकला की त्याच्यावर आठवडेच्या आठवडे पाणी तुंबवून ठेवावं लागतं, आणि माय तर घागर घेऊन टँकरच्या रांगेत. मी म्हटलं माय, तुझ्या आधी स्लॅब पाणी पिणार, चालंल का? माय म्हणाली, तू लई शाना. झालं, म्हणजे मंजुरी मिळाली.

मग मी असं केलं, विटा उभ्या लावून मधून पोकळ भिंती घेतल्या, विटाही कमी लागल्या आणि ऊन मधल्यामधे अडकलं. पश्चिमेला एकही खिडकी न्हाई, तिकडं न्हाणी आणि अडगळीची खोली, मावळतीचं ऊन त्यांनी सोसावं. भिंतीत उंचावर झरोके, तापलेली हवा तिथून पसार. आणि छताला भंगारातले रेल्वेचे रूळ, त्यांच्यावर शहाबादी फरश्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्याच्यावर चुना. गवंडी म्हणाला, साहेब, उलटं झालं की, फरशी पायाखाली घालतेत का डोक्यावर? शेजारी तर मुद्दाम बघायला यायचे, तोंडावर हाव हाव, बेस हाय म्हणायचे आणि कोपऱ्यावर जाऊन खिदळायचे.

आणि ऐन मे महिन्यात उमरीहून पाहुणे आले सुमनला बघायला. नवरदेव मास्तर, एका लग्नात बघितल्यापासून सुमनच्या मनात भरलेला, हे तिनं मायला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. त्याचे वडील आणि थोरली आत्या संगं. त्या आत्याबाईच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलत न्हाई म्हणे. जयभीम झालं, पाणी झालं, वडिलांनी वर पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. स्लॅब न्हाई का, म्हणाले. माय माझ्याकडं अशी बघून राहिली की मला वाटलं आता रूळ काढून माझ्या डोक्यात घालती. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. आत्याबाई म्हणाल्या जरा पाठ टेकते, आणि उघड्या गार फरशीवर पदर घेऊन आडव्या झाल्या त्या झाल्याच. सुमननं पोहे आणले, मास्तर खाली मान घालून खात राहिले, वडील घड्याळ बघत राहिले, आणि आत्याबाईचं घोरणं असं की कपबशा हलत होत्या. शेवटी वडील उठले. येतो आम्ही, विचार करून कळवतो, म्हणाले. कळवतो म्हटलं की काय समजायचं ते मायला समजलं, सुमन तर आत निघून गेली. वडील दारात जाऊन ओरडले, अक्का, ऊठ, यष्टी चुकंल.

आत्याबाईनं डोळेसुद्धा उघडले न्हाईत, कूस बदलली आणि तिथूनच खेकसल्या, यष्टी गेली चुलीत, पोरगी पसंत हाय, तिला उमरीला न्या आणि तिच्या जागी मला हितंच ठिवा!