धूळ बसल्यावर

इजिप्तमधल्या इस्माइलियात, कानाच्या दवाखान्यात दोन म्हातारे इतक्या मोठ्यानं बोलत होते, की परिचारिका नवालला ऐकणं भागच होतं.

"सीनाईत रणगाड्याच्या तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावून तू बसायचास, शहाता. मी आत गोळे भरणारा. वाळवंट काही पाहिलंच नाही."

"पहिला नेम चुकला की मेलोच आपण! आणि डागल्यावर नुसती धूळ."

"ती बसली की मी विचारायचो, काय दिसतंय?"

"कोळ्याचा पोर तू, म्हणून मी सांगायचो, समुद्र. कुठला समुद्र, मेतवल्ली? जळते रणगाडे होते."

"ठाऊक होतं."

"मग दर वेळी का विचारायचास?"

"समुद्र ऐकला की पुढचा गोळा उचलवायचा. आता विचारू?"

नवालनं नाव पुकारलं. दोघांनाही ऐकू गेलं नाही.

"विचार की."

"काय दिसतंय?"

शहाता समोरच्या पिवळ्या भिंतीकडे बघत राहिला.

"होड्या परत येताहेत. सगळ्या."