सोड्यांचं पार्सल

— नाही गं, तुझ्यावर नाही चिडलो, तू बस. आत्यावर चिडलोय. स्वतः यायची हिंमत नाही म्हणून तुला पाठवली. काय म्हणाली? अबोलीच्या बॅगेत माझ्या केयूरचं पार्सल आहे, गंधाली, तू जर्मनीला जातेच आहेस तर घेऊन जा — असंच ना? ताईला जाऊन महिना होतोय फक्त, डेंग्यूनं धडधाकट पोरगी गेली, आणि हिला पार्सल आठवतंय. थू. बाराव्याला आली तेव्हाही पलंगाखालच्या बॅगेकडेच बघत होती. मला वाटलं, रडतेय.

तुम्ही दोघी सोबत जाणार होतात ना सहा महिने शिकायला, म्हणून सांगतो. ताईनं काय न्यायचं ते ताई सोडून सगळ्यांनी ठरवलं. मधुकरकाका म्हणाला, कुकर ने. शेजारची म्हणाली, तिथं ताप आला तर डॉक्टर लवकर भेटत नाही, गोळ्या ने — ताप इथेच आला, वाकोल्यात, ते सोड. कुणी देवाचा फोटो, कुणी मेतकूट. आणि विमलाआत्या बोरिवलीवरून ही एवढी सोड्यांची पिशवी घेऊन हजर. गोराईचे आहेत म्हणे, आमच्या केयूरला तिकडे सुकी कोलंबी कुठली मिळायला. वजन? जास्तच होणार. मी भंगारवाल्याचा काटा आणलेला, बॅग लटकवली तर काटा पार खाली. मग ताईनं काय काढलं? स्वतःचं जाकीट. मालाडला फिरून फिरून मीच घेऊन दिलेलं. म्हटलं, अगं थंडीत मरशील. तर म्हणे, जाऊ दे रे नित्या, आत्याला वाईट वाटेल. अशी होती. तू असलं काही करू नकोस. लोकांचं काही नेऊ नकोस — हे पण नको होतं घ्यायला, पण तुला नाही म्हणता आलं नसेल, माहितीये मला, तुम्ही दोघी सारख्याच.

तर लोचा असा आहे की ती बॅग आम्ही उघडत नाही. तिनं स्वतः लावलेली चेन आहे ती. आई म्हणते, आत तिचे कपडे आहेत, तिचा वास आहे, एकदा उघडली की उडाला. कपाटातले सगळे मावशीनं धुऊन टाकले, शहाणी कुठली. आता उरलंय ते ह्याच बॅगेत. आई रोज केर काढून झाला की बॅग ओढून घेते, तिच्यावर हात ठेवून बसते. येडेपणा आहे, मी म्हणतो — आणि खरं सांगू, मी पण चेनीला नाक लावून बघतो. काही येत नाही. रबराची पक्की चेन आहे, वारा पण जात नाही. म्हणजे आत असेल टिकून, असं आपलं.

उठू नकोस. देतो ना. आज नाही दिलं तर आत्या लाज सोडून स्वतः येईल, आईसमोर मागेल, ते मला नकोय. आई देवळात गेलीये, आत्ताच करतो. दार लोट. पंखा बंद कर, पंखा — वास जाईल. हं. थोडीशीच उघडतो, हात घालून काढतो की लगेच —

हे काय.

इकडे ये. वास घे. घे म्हणतो ना. सोडे. कुकरच्या कडेनं पिशवी फाटलीये आतल्या आत, आणि महिनाभर बंद. हा निळा कुर्ता — सोडे. टॉवेल — सोडे. ओढणी — शी. मासळीबाजार नुसता. माणूस गेलं आणि मागे राहिलं काय, तर केयूरचं कालवण. आई कशावर हात ठेवून बसत होती गं इतके दिवस?

थांब. तू वर्गात तिच्या बाजूला बसायचीस ना? सांग, कसा यायचा. तिचा. मला पावडर आठवते, तेल आठवतं, पण ते दुकानातलं, लावलं तर कुणालाही येईल. ती खोलीत आली की यायचा तो — रडू नकोस, सांग. तुला पण नाही आठवत.

राहू दे. हे घे. सांडलेले पण भरतो, एक सोडा इथे नको मला. चेन लावली, बघ. दिसते ना पहिल्यासारखी? आईला कळता कामा नये. बॅग उघडलीच नाही, तू आलीच नाहीस. तिला बसू दे तशीच हात ठेवून. जिन्यात भेटली तर पिशवी पाठीमागे धर, तिच्या नाकाला लागू देऊ नकोस. आता निघ. नाही, बोलू नकोस काही. निघ.