दोन बोटं पाणी

हसायचं तर हसा, पण म्हैसुरातल्या माझ्या पहिल्याच कंत्राटात आमच्या अप्पांनी मला रडायची पाळी आणली होती.

अप्पा म्हणजे माझे वडील, हाडाचे शिंपी. मी सार्वजनिक स्विमिंग पूलचा तडकलेला तळ दुरुस्त केला आणि गळती तपासायला पाणी भरलं. मला सिमेंटवाल्याकडे जायचं होतं. म्हटलं, "अप्पा, पाणी आहे तिथं भिंतीवर खूण करून ठेवा."

सकाळी इंजिनिअरसाहेब आले. बघतात तर पाणी खुणेच्या दोन बोटं खाली!

"गळतंय. तळ पुन्हा फोडा."

माझं धाबं दणाणलं. डिसेंबरच्या थंडीत चड्डीवर आत उतरलो आणि दात वाजवत पायांनी एकेक सांधा चाचपू लागलो. तेवढ्यात अप्पा चहा घेऊन आले.

"अय्यो, सुम्ने, उगाच कशाला भिजतोस?"

"दोन बोटं पाणी कुठं गेलं ते शोधतोय!"

"जातंय कुठं? खूणच मी दोन बोटं वर केली."

"का पण?"

"अरे, चाळीस वर्षं कपडे शिवतोय. अगदी मापावर खूण करतात काय? शिलाईत जास्तीचं कापड सोडायला नको?"

मग साहेबांनी स्वतः नवी खूण केली. संध्याकाळपर्यंत पाणी केसभर हललं नाही. साहेबांनी सही केली, पोटावरून हात फिरवला आणि अप्पांना हळूच बाजूला घेतलं.

"मास्तर, ही पँट तुम्हीच शिवलेली. यातही दोन बोटं सोडली असतील ना? तेवढी उसवून द्या."